एरांबूर पेंढेवालीचा प्रश्न

आमच्या गल्लीत विद्या पेंढ्यावर बसून शिकतात. खुर्ची एकट्या आचार्यांना, बाकी सगळे जमिनीवर. नदी जवळ असल्यामुळे जमीन इतकी ओलसर की नोव्हेंबरनंतर उघड्या फरशीवर तासभर बसलेला माणूस पुढचे आठ दिवस कंबर धरून चालतो. म्हणून पेंढा. पॅरिसच्या डाव्या काठावर जेवढं म्हणून ज्ञान आहे, ते सगळं पेंढ्यावर बसलेलं आहे, आणि तो पेंढा गेली तीस वर्षं एरांबूर आणते.

मी आन्सो, शाळेचा चोपदार. रुप्याच्या मुठीची काठी घेऊन आचार्यांच्या पुढे चालायचं, घंटा वाजवायची, दार सांभाळायचं, पेंढा कुजला की नवा मागवायचा, हे माझं काम. दाराशी उभं राहून राहून मला लॅटिन येतं. पदवी मात्र नाही, त्यामुळे माझ्या बोलण्याला कुणी विचारत नाही. या शहरात राजांची चरित्रं लिहितात, संतांची लिहितात, बिशपांची तर ते जिवंत असतानाच लिहायला घेतात. पेंढेवालीचं कुणी लिहिणार नाही. म्हणून मी सांगतो. कुणाला आवडो न आवडो.

एरांबूर मूळची जांतिई गावची. सोळाव्या वर्षी लग्न करून पेंढ्याच्या गाडीवर बसून शहरात आली, आणि दक्षिणेच्या वेशीतून आत शिरताना नवऱ्याला म्हणाली, "इथं माणसं जास्त आणि गवत कमी. आपलं बरं चालेल." नवरा जेरँ गरीब स्वभावाचा. तो तापानं गेला तेव्हा पोटात सातवा महिना होता. खेचर आणि गाडी विकून टाक असं सगळ्यांनी सांगितलं. तिनं विकलं नाही. मोठं पोट घेऊन गाडी हाकत राहिली.

पेंढ्याच्या बाबतीत तिच्याइतकं जाणतं माणूस मी पाहिलं नाही. काडी दाताखाली धरून कुठल्या शेतातली ते सांगायची. नॉर्मंडीची पोरं पेंढ्यावर झोपतात, त्यांना जाड थर. पिकार्दीची पोरं भांडतात, त्यांना जुना चालतो. इंग्रज पोरं बियर सांडतात, त्यांचा रोज बदलावा लागतो, असा तिचा हिशेब. एकदा एका नव्या श्रीमंत पोरानं तक्रार केली, की पेंढा टोचतो.

"टोचतो? कुठं टोचतो, बाळा?"

"बसायच्या जागी."

"मग लवकर बिशप हो. त्यांच्या बसायच्या जागी मखमल असते," ती म्हणाली, आणि उरलेली पेंढी त्याच्याच पुढ्यात सोडली.

तिला एकच मुलगी, ओदिएर्न. आम्ही सगळे ओदी म्हणायचो. जन्मली तेव्हाच पाठ वळलेली. सुईण घाबरली, घाईघाईनं स्वतःच पाणी शिंपडून बाप्तिस्मा करून मोकळी झाली आणि म्हणाली, "बाई, हिच्यात जीव गुंतवू नकोस." एरांबूरनं विचारलं, "श्वास घेते का?" सुईण म्हणाली, घेते. "मग द्या इकडं."

ओदी मोठी झाली, सतरा वर्षांची झाली. पाठीवरच्या उंचवट्यावर पेंढी अशी बसायची की दोर लावायची गरज पडत नसे, आणि ती स्वतःच त्यावरून चेष्टा करायची. पोरगी भारी नकलाकार. आचार्य शिंकायच्या आधी नाकाशी बोट कसं नेतात, त्यांचा पट्टशिष्य थिबो 'दोन बाजूंनी बघावं' असं म्हणताना मान कशी तिरकी करतो, सगळं हुबेहूब. लॅटिन तिला माझ्याइतकंच यायचं, दाराशी उभं राहून आलेलं. रोज संध्याकाळी कोपऱ्यावरच्या चर्चमध्ये जायची आणि तिथं देवाशी मोठ्यानं बोलायची, शेजारणीशी बोलावं तसं. आज खेचरानं काय केलं, आई कुणावर ओरडली, कोण आजारी आहे. म्हातारे पाद्री वैतागायचे. ती ऐकायची नाही.

तर त्या वर्षीची गोष्ट. राजा समुद्रापलीकडच्या धर्मयुद्धाहून परत आला, त्याला पाच-सहा वर्षं झाली असतील. ऑक्टोबरचे दिवस. आचार्य ऑब्री देवाच्या मनाविषयी शिकवत होते. ऑब्री म्हणजे आमच्या गल्लीतला सगळ्यात मोठा माणूस, आणि माणूस वाईट नव्हे, हे मी आधीच सांगून ठेवतो. त्यांना एकच खोड होती. शिकवताना उदाहरण लागायचं, आणि जे डोळ्यांपुढं येईल ते ते उचलायचे.

ते सांगत होते, की गवंडी घर बांधतो तेव्हा घर आधी त्याच्या मनात असतं. तसंच जगातल्या प्रत्येक प्रकारच्या वस्तूचा साचा आधी देवाच्या मनात असतो. आपल्या मनातल्या कल्पना मागाहून येतात, वस्तू बघून. देवाच्या मनातल्या आधीच्या, कायमच्या. एका पोरानं विचारलं, "आणि जे वाकडं जन्माला येतं, त्याचाही साचा देवाच्या मनात असतो?"

ओदी तेव्हा पेंढी घेऊन माझ्याशेजारी दारात उभी होती. ऑब्रींची नजर फिरली, तिच्यावर थांबली, आणि बोट वर झालं.

"नाही. हिचंच बघा. साचा सरळ शरीराचा आहे. निसर्गाला तो साधता आला नाही. या वाकडेपणाला देवाच्या मनात साचा नाही."

लॅटिनमध्ये म्हणाले. त्यांना वाटलं असेल, पेंढेवालीच्या पोरीला काय कळतंय. मी ओदीकडं बघितलं नाही. माझी छाती झाली नाही. ती रडली नाही. आत गेली, पेंढी सोडली, पहिल्या रांगेपर्यंत नीट पसरली, हात झटकले, घरी गेली, शिडी चढून माळ्यावर गेली आणि खाली आली नाही.

संध्याकाळपर्यंत पोरांनी त्याचं आमच्या बोलीत भाषांतर करून टाकलं होतं. बिनसाच्याची. गल्लीभर तेच. एक मूर्ख तर त्यांच्या खिडकीखाली उभा राहून गात होता. एरांबूरनं वरून काय ओतलं ते मी सांगत नाही, पण त्याला नदीवर जाऊन कपडे धुवावे लागले.

आठवडा गेला, महिना गेला. ओदी माळ्यावरच. भाकरीचा तुकडा खायची, वाटाण्याचं पातळ कालवण अर्धं ठेवायची. चर्चला जाणं बंद. एरांबूरनं आधी समजावलं, मग शिव्या दिल्या, मग पाद्रीला आणलं. पाद्री शिडीखाली उभं राहून म्हणाले, "पोरी, हे विद्वानांचं बोलणं आहे, ते आपण मनावर घ्यायचं नसतं." वरून ओदीनं विचारलं, "म्हणजे ते खोटं आहे का, फादर?" पाद्री माघारी वळले. ऑब्रींना खोटं म्हणायची त्यांची काय टाप. ते गेल्यावर ओदी आईला म्हणाली, "आई, मी इतकी वर्षं रोज हाक मारत होते. ज्यानं मला कधी मनातच आणलं नाही, त्याला कसं कळणार कोण बोलतंय?"

हे एरांबूरनं मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, पेंढा उतरवताना. आवाज नेहमीसारखाच रांगडा.

"आन्सो, पोरगी जगतेय पण तिनं हाय खाल्लीय. नाताळ तीन आठवड्यांवर आलाय. नाताळलासुद्धा ती देवापुढं जाणार नाही म्हणते. आणि एकदा का नाताळला गेली नाही, की मग कधीच जाणार नाही. मी ओळखते तिला. माझीच आहे ती."

"मी काय करू?"

"तुझ्या त्या आचार्याला म्हणावं, शब्द परत घे."

मी हसलो. चोपदारानं आचार्यांना शब्द परत घ्या म्हणायचं! "एरांबूर, तसं होत नसतं गं."

"मग कसं होतं?"

आणि इथं माझी चूक झाली. वर्षातून दोनदा, नाताळच्या आधी आणि ईस्टरच्या आधी, आमच्याकडं खुला वाद असतो. आचार्य सर्वांपुढं बसतात आणि कुणीही विचारलेल्या कुठल्याही प्रश्नाला उत्तर देण्याचा शब्द देतात. पहिल्या दिवशी प्रश्न होतात, पट्टशिष्य तात्पुरती उत्तरं देतो, बाकीचे त्याला हाणून पाडतात. दोन दिवसांनी आचार्य स्वतः शेवटचा निर्णय सांगतात आणि तो लिहून ठेवला जातो. त्याची दवंडी मीच देतो. हे सगळं मी तिला सांगत बसलो, जरा मिरवायलाच म्हणा ना.

"दवंडी काय असते?" तिनं विचारलं.

"लॅटिनमध्ये असते. तुला नाही कळणार."

"आपल्या बोलीत सांग की."

"कोणीही विचारा, काहीही विचारा."

तिनं दोर गुंडाळून खांद्यावर टाकला. "कोणीही?"

"हो, कोणीही. म्हणजे…" म्हणजे शाळेतला कोणीही, पाद्र्यांसारखं डोकं भादरलेला कोणीही, पुरुषांतला कोणीही, हे मला म्हणायचं होतं. हे कुणाला सांगावं लागत नाही, सगळ्यांना ठाऊकच असतं. तेवढ्यात घंटेची वेळ झाली आणि मी धावत गेलो.

तो बुधवार होता. सभागृह खच्चून भरलेलं. आचार्य खुर्चीवर, खाली थिबो, भिंतीला लागून दुसऱ्या शाळांचे आचार्य आणि बिशपांकडून आलेला एक कारकून, मांडीवर पाटी घेऊन. देवदूत एका वेळी दोन ठिकाणी असू शकतो का, यावर तासभर गेला. देव झालेली गोष्ट न झालेली करू शकेल का, यावर आणखी एक. पुढच्या रांगांतला पेंढा विस्कटला होता, म्हणून एरांबूर पेंढी घेऊन आत आली तेव्हा कुणाचंच लक्ष नव्हतं. तिनं पेंढी खाली ठेवली. पसरली मात्र नाही. सरळ उभी राहिली.

"मला विचारायचंय," ती म्हणाली.

आधी हशा. मग थिबो हात वर करून, अगदी गोड आवाजात, "बाई, आज वाद आहे. पेंढ्याचं नंतर बोलू."

"पेंढ्याचं नाही. कोणीही विचारा म्हणालात. मी कोणीही आहे."

"कुणी सांगितलं तुला?"

तिनं माझ्याकडं बोट केलं. अख्खी सभा माझ्याकडं वळली. मला वाटलं, ही काठी आजच खाली ठेवावी लागणार.

"प्रश्न लॅटिनमध्ये विचारावा लागतो," थिबो म्हणाला.

"का? देवाला आपली बोली समजत नाही?"

पुन्हा हशा, पण या वेळी वेगळा. आचार्य ऑब्रींनी हात उचलला. "मी शब्द दिलाय. त्यात अमुक सोडून असं म्हटलेलं नाही. विचारू दे तिला. चोपदार, तू लॅटिन करून सांग."

"माझ्या मुलीचा साचा देवाच्या मनात होता का नव्हता?" एरांबूरनं विचारलं.

मी भाषांतर केलं. माझं लॅटिन दाराबाहेरचं, दोन ठिकाणी चुकलं, कुणीतरी खुसखुसलं. पण ऑब्री हसले नाहीत. प्रश्न कुठून आला ते त्यांना तेव्हाच कळलं असावं. त्यांचं बोट खुर्चीच्या हातावर थांबलं.

रीतीप्रमाणं थिबो उभा राहिला. त्यानं मान तिरकी केली. "दोन बाजूंनी बघावं. माणूस म्हणून तिचा साचा होता. वाकडी म्हणून नव्हता. वाकडेपण ही वस्तूच नव्हे. ते एक नसणं आहे. भोकाला साचा नसतो."

"म्हणजे अर्धी होती म्हणता?" एरांबूर म्हणाली. "कुठली अर्धी? कंबरेखालची का वरची?"

"तसं नव्हे…"

"मी तिला सतरा वर्षं न्हाऊ घातलंय. तिच्या पाठीत मला भोक कधी सापडलं नाही. हाड आहे तिथं. भक्कम हाड आहे. तुम्ही हात लावून बघितलंय का? मग कशावरून म्हणता नसणं आहे?"

थिबो लाल झाला. मागून कुणीतरी "बोल, मावशी!" असं ओरडलं. तिनं तिकडं लक्ष दिलं नाही. वाकून तिनं पेंढीतल्या मूठभर काड्या काढल्या आणि पुढच्या रांगेतल्या पोरांच्या हातात दिल्या.

"तीस वर्षं मी हेच काम करते. यातली सरळ काडी काढून दाखवा."

आणि गंमत बघा, ती पोरं खरंच शोधायला लागली. एक जण काडी डोळ्यासमोर धरून बघत होता. ही पेरापाशी कललेली, ती मध्ये फुगलेली, तिसरी टोकाला वळलेली.

"नाही ना सापडत? मला पण नाही सापडली. सरळ काडी कुठं असते ते मी सांगू?" ती थिबोसमोर गेली आणि त्याच्या कपाळापुढं बोट धरलं. "इथं. तुमच्या डोक्यात. तिथली उचलून तुम्ही देवाच्या डोक्यात नेऊन ठेवलीत, आणि आता आम्हाला सांगता, देवाकडं सापडली म्हणून!"

भिंतीकडचे एक म्हातारे आचार्य पुढं सरकून बसले. त्यांच्या तोंडावर जे होतं त्याला मी आनंदच म्हणेन.

ऑब्री स्वतः बोलले. पहिल्या दिवशी आचार्यांनी बोलायचं नसतं, तरी बोलले. आणि आमच्या बोलीत. "बाई, बोलतेस चांगलं. पण एक सांग. सरळ म्हणजे काय हे तुलाही आतून ठाऊक असल्याशिवाय ही काडी वाकडी, हे तू ओळखलंस कसं? ते ठाऊक असणं काड्यांमधून तर आलं नाही. मग कुठून आलं?"

मला वाटलं, संपलं. हा डाव मी शंभर वेळा बघितला होता. भले भले इथं गारद होतात. एरांबूरनं एका पोराच्या हातातली काडी घेतली आणि दोन बोटांत फिरवली.

"तुमच्याकडून आलं," ती म्हणाली. "पोरगी जन्मली तेव्हा मी तिला हातात घेतलं. मला ती दिसली. नाक बापाचं, कान माझे. वाकडी आहे हे सुईणीनं सांगितलं. मग शेजारणीनं. मग तुम्ही. मला कुणी सांगितलं नसतं तर अजून कळलं नसतं."

ऑब्री खुर्चीत पुढं वाकले.

"आणि एक राहिलं," ती म्हणाली. आता तिचा आवाज चढला होता. "ती पोटात होती तेव्हा नवरा मेलेला. घरात मी आणि एक खेचर. तिचं तोंड बघितलं नव्हतं, मुलगा का मुलगी ठाऊक नव्हतं, पण नऊ महिने माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. तीच होती. कुठली सरळ पोरगी नव्हती, हीच होती. आली तेव्हा मी म्हटलं, हं, हीच. देवाच्या मनात ती नव्हती असं तुम्ही म्हणता. माझ्या तर होती. मग त्या नऊ महिन्यांपुरतं मला देवापेक्षा जास्त कळत होतं की काय, तेवढं सांगा. माझा प्रश्न एवढाच."

बिशपांचा कारकून ताडकन उठला. "हे पाखंड आहे! हिला बाहेर काढा! चोपदार!"

मी पुढं गेलो. जावंच लागलं. तिच्या कोपराला हात लावला. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "हात काढ, आन्सो." मी हात काढला. आयुष्यात पहिल्यांदा सभेतला हुकूम मोडला, आणि खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

"बसा," ऑब्री कारकुनाला म्हणाले. "तिनं काही ठासून सांगितलेलं नाही. तिनं विचारलंय. इथं विचारायला बंदी नाही, मी तसा शब्द दिलाय. प्रश्न म्हणून लिहून घ्या. शुक्रवारी मी उत्तर देईन."

एरांबूरनं पेंढी सोडली, पुढच्या रांगेपर्यंत पसरली, आणि निघून गेली. कारकुनानं बाहेर मला गाठून तिचं नाव विचारलं. मी म्हटलं, "पेंढेवाल्या खूप आहेत, साहेब, कुणाकुणाचं नाव लक्षात ठेवू?" त्यानं माझ्याकडं बराच वेळ बघितलं. मीही बघितलं.

दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. एरांबूर खेचराचे खूर साफ करत होती. सभेतलं एक अक्षर तिनं घरात सांगितलं नव्हतं. "मी कशाला सांगू? भांडून आले, त्यात काय सांगायचं?" म्हणून मीच शिडी चढलो. माळ्यावर ओदी भिंतीकडं तोंड करून पडली होती. मी सगळं सांगितलं, पहिल्यापासून. थिबोच्या कपाळापुढं बोट धरलं इथवर आलो तेव्हा ती वळली.

"त्यानं मान कशी केली तेव्हा?"

मी करून दाखवली.

"नाही, नाही, आन्सोकाका, अशी," ती म्हणाली आणि पडल्यापडल्या मान तिरकी केली, आणि दीड महिन्यात पहिल्यांदा हसली. मग मी नऊ महिन्यांचं सांगितलं. तिनं हसणं थांबवलं.

"पुन्हा सांगा. जसं म्हणाली तसंच."

मी पुन्हा सांगितलं. 'कुठली सरळ पोरगी नव्हती, हीच होती.' तिनं तिसऱ्यांदा सांगायला लावलं. मग पुन्हा भिंतीकडं वळली आणि खांदे हलायला लागले. मी उतरून आलो. खाली एरांबूरनं मान वर न करता विचारलं, "रडतेय?" मी हो म्हटलं. "रडू दे. इतके दिवस रडतसुद्धा नव्हती."

शुक्रवारी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खिडक्यांत पोरं बसलेली. पैजा लागलेल्या. ऑब्रींचे डोळे तांबारलेले, दोन दिवस झोप नसावी. हातात कागदांचं भेंडोळं. देवदूतांचं आणि बाकीचं त्यांनी भराभर उरकलं. मग थांबले.

"पुढचा प्रश्न जिनं विचारला ती आलीय का?"

आली नव्हती. कुणीतरी हसलं. ऑब्री म्हणाले, "चोपदार, तिला घेऊन ये. आणि मुलीलाही. हे मी तिच्यासमोर, आपल्या बोलीत सांगणार आहे. मी थांबतो." आचार्य पेंढेवालीसाठी थांबणार! भिंतीकडचे आचार्य एकमेकांकडं बघायला लागले. मी काठीसकट धावत सुटलो.

घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, वेशीकडं गेल्या. दक्षिणेच्या वेशीपाशी मला त्यांची गाडी दिसली, बाहेर पडायच्या रांगेत. लगाम ओदीच्या हातात होता. अंगावर शालसुद्धा नव्हती. पाठ होती तशी, सगळ्या रस्त्याला दिसत होती. एरांबूर बाजूला बसून खारवलेला मासा आणि पाव खात होती.

"चला, चला दोघी!" मी धापा टाकत म्हटलं. "आचार्य थांबलेत. अख्खी सभा थांबलीय. तुमचं उत्तर देणार आहेत, ओदीच्या समोर!"

एरांबूर म्हणाली, "मला विचारू नकोस. हिला विचार."

ओदीनं मला विचारलं, "काय उत्तर आहे, काका?"

"मला काय ठाऊक? पण चेहऱ्यावरून वाटतं, तुझ्या बाजूचं असेल."

तिनं लगाम हातात नीट धरला. "ऑक्टोबरात मी नव्हते, आणि आज त्यांनी म्हटलं की असणार. पुढच्या ईस्टरला कुणी दुसरा प्रश्न विचारला तर पुन्हा नसणार. नको, काका. पेंढा आणायचाय. तुमच्याच सभागृहातला कुजलाय."

"अगं, पण एवढा मोठा माणूस…"

"मोठा आहे. माझं त्यांच्याशी भांडण नाही. पण ते सांगतील तेव्हा मी उठायचं, असं झालं तर मग माळ्यावरच बरी होते की."

रांग पुढं सरकली. मी चाकाबरोबर चालत राहिलो. मला जे विचारायचं होतं ते एकच होतं, आणि एरांबूरच्या तोंडाकडं बघून कळत होतं की तिनंही ते अजून विचारलेलं नाही. ती चावायची थांबली होती.

"ओदी, नाताळला येशील ना चर्चमध्ये?"

तिनं उत्तर दिलं. एरांबूर ते ऐकून इतक्या जोरात हसली की तिला ठसका लागला, आणि मग ती डोळे पुसत बसली. गाडी वेशीबाहेर गेली. मी परत फिरलो.

सभागृहात सगळे तसेच बसलेले. मी एकटाच आलेला बघून कुजबूज सुरू झाली. ऑब्रींनी भेंडोळं खाली ठेवलं.

"येत नाहीत?"

"नाही, आचार्य. पेंढा आणायला गेल्यात."

"माझं उत्तर नको म्हणाल्या?"

"हो."

"आणि मुलगी?" त्यांचा आवाज खाली आला. पोरांना ऐकू गेला नसेल, मला गेला. "मुलगी काही म्हणाली का?"

माझं काम निरोप सांगायचं आहे. मी काठी दोनदा जमिनीवर आपटली, दवंडी देतो तसा सभेकडं तोंड करून उभा राहिलो, आणि भिंतीकडच्या आचार्यांना आणि त्या कारकुनालाही नीट ऐकू जाईल अशा आवाजात, आमच्या बोलीत सांगितलं:

"ओदिएर्न म्हणते, नाताळला येणार. देवाला तिचं तोंड ठाऊक नसेल, तर ती दाखवून जाणार आहे."